दोन नावं मागणारा डबा

पहाटे पाणी गार असताना कासवांनी जाळ्या पसरल्या, आणि भर दुपारी, ऊन थेट तळापर्यंत उतरलेलं असताना, त्याच जाळ्या गुंडाळून ठेवल्या. सलग तीन दिवस त्यांचं हे उलटं काम चाललं होतं, आणि ते का चाललंय हे खडपेवाडीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

ही कासवं खरी नव्हती. परातीएवढ्या आकाराची, चार वल्ही असलेली ती यंत्रं होती. किनाऱ्यापासून थोडं आत, सात मीटर पाण्याखाली प्रवाळांची बाग होती आणि चाळीस कासवं तिची निगा राखत. प्रवाळ (समुद्रात एकमेकांना चिकटून राहणारे इवलेसे जीव, त्यांच्या सांगाड्यांचे खडक बनतात) फार नाजूक असतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि बरंचसं अन्नही. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. लवकर गारवा मिळाला तर रंग परत येतो, नाहीतर येत नाही. म्हणून पाणी तीस अंशांच्या वर गेलं की कासवांनी वाफ्यांवर सावलीची जाळी धरायची आणि पाणी निवलं की ती काढून घ्यायची, कारण शेवाळाला ऊनही हवं असतं.

बागेत सात वाफे होते. सहा वाफ्यांवर सगळं ठीक होतं. बिघडलं होतं ते फक्त दक्षिणेकडच्या नव्या वाफ्यावर, आणि त्या वाफ्यासाठीची आज्ञा शाल्मलीच्या आईने नुकतीच लिहिली होती.

शाल्मली कुबल अकरा वर्षांची होती. तिची आई अरुणा त्याच वर्षी बागेची मुख्य राखणदार झाली होती. दक्षिणेचा वाफा तिने स्वतः लावला होता. बोटाएवढे प्रवाळाचे तुकडे एकेक करून खडकावर बसवायला तिला सगळा हिवाळा लागला होता. आता ती आपली आज्ञा पुन्हा पुन्हा वाचत होती. ‘३० अंशांपेक्षा पाणी गरम असेल तर जाळी पसर, नसेल तर गुंडाळ.’ त्यात चुकीचं काहीच दिसत नव्हतं. बाकीच्या वाफ्यांच्या आज्ञा जुन्या लोकांनी लिहिलेल्या होत्या आणि त्यांचाही अर्थ हाच होता, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तापमापक बदलून झाले. एका वाफ्याची कासवं दुसऱ्या वाफ्यावर नेऊन झाली. दक्षिणेच्या वाफ्यावर आलं की चांगलं कासवही उलटं वागायला लागे.

शेवटी आईने तिथली कासवं थांबवली आणि ती स्वतःच दिवसातून दोनदा बुडी मारून जाळ्या लावू-काढू लागली. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिची बोटं सुरकुतलेली असायची आणि जेवताना डोळे मिटायचे. तशात हवामान केंद्राचा निरोप आला की दहा दिवसांनी समुद्रात उष्णतेची मोठी लाट येईल आणि महिनाभर मुक्काम करील. सातही वाफ्यांवर कासवांचा भरवसा धरायचा की नाही, हे त्याआधी ठरवायला हवं होतं.

बागेच्या केंद्रातल्या बोलक्या संगणकालाही कासवांचा मूळ प्रोग्राम दाखवून विचारून झालं. कुठलाही प्रोग्राम वाचून तो समजावून सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण या वेळी त्याने शांतपणे सांगितलं, “हा प्रोग्राम काय करतो ते मी सांगू शकतो. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, ते यात कुठेच लिहिलेलं नाही.”

तो प्रोग्राम लिहिणारा मात्र गावातच राहत होता.

नीळकंठ मालंडकर एकोणऐंशी वर्षांचे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, शाल्मली तात्याआजोबा म्हणे. तीस वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर त्यांनी पहिली कासवं पाण्यात सोडली होती. आता गुडघ्यांमुळे ते फारसं कुठे जात नसत. शाल्मली त्यांच्याकडे गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं, आणि काचघरात जाऊ या म्हणाले.

धक्क्याच्या टोकाशी लोखंडी पाळणा होता. त्यात बसलं की तो हळूहळू पाण्याखालच्या काचघरात उतरायचा. घुमटासारखी ती गोल खोली होती. चहूकडे पाणी, आणि पाण्यातून खाली आलेलं ऊन भिंतींवर, जमिनीवर, माणसांच्या हातांवर सतत हलत असायचं. तिथे बोलताना माणसांचा आवाज आपोआप खाली यायचा. दूर, निळसर धुकं असावं तशा पाण्यात, कासवं वल्ही मारत येत-जात होती.

तात्याआजोबांनी आधी तिला कासवं आज्ञा कशी समजून घेतात ते सांगितलं. कासवांना मराठी येत नाही. त्यांना कळतात फक्त आकडे, तेही शून्य आणि एक यांच्या लांबच लांब माळा. आईने मराठीत लिहिलेली आज्ञा आणि कासवांची आकड्यांची माळ यांच्यामध्ये एक प्रोग्राम असतो. त्याला कंपायलर म्हणतात (माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम). तो आपलं काम तीन टप्प्यांत करतो. पहिल्या टप्प्यात ओळीतले शब्द सुटे करतो. दुसऱ्यात कुठल्या शब्दाचं कुठल्या शब्दाशी काय नातं आहे ते पाहतो. तिसऱ्यात त्यावरून आकड्यांची माळ ओवतो.

“आणि तो कंपायलर कुठल्या भाषेत लिहिलाय?” शाल्मलीने विचारलं.

याच भाषेत, ते म्हणाले. कंपायलरही शेवटी एक प्रोग्रामच. त्यालाही यंत्राच्या भाषेत उतरवावंच लागतं, आणि ते काम तो स्वतःच करतो. शाल्मलीला ते एकदम पटेना. स्वतःला वाचून स्वतःचंच भाषांतर करणारं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे येईना.

मग तात्याआजोबांनी कंपायलरची मूळ संहिता (प्रोग्राम माणसाने जसा लिहिला तसा मजकूर) काचेच्या भिंतीवर उमटवली. चार हजार ओळी होत्या. अक्षरं पांढरी होती आणि त्यांच्यामागून निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे जात होते, त्यामुळे एखादा मासाच ओळ वाचत पुढे सरकतोय असं वाटे.

शाल्मलीने वाचायला सुरुवात केली आणि ती सुरुवातीलाच अडली. प्रोग्राममध्ये माहिती ठेवायला चल असतात (माहिती ठेवायचे डबे, प्रत्येक डब्याला लिहिणाऱ्याने एक नाव दिलेलं असतं). इथे डब्यांची नावं होती क, श, प, दु. तीन टप्प्यांची नावं काम१, काम२ आणि काम३ अशी होती. एका डब्याचं नाव होतं तात्पुरतं. शाल्मलीने विचारलं, ‘श’ म्हणजे काय?

तात्याआजोबा पुढे वाकले. त्यांनी ती ओळ वाचली, मग तिच्या वरच्या दहा ओळी वाचल्या. ते हसले, आणि थोड्या वेळाने त्यांचं हसू मावळलं.

“तेव्हा मला सगळं पाठ होतं,” ते म्हणाले. “पुढे कधी विसरेन असं मनातही आलं नाही.”

मग त्यांनी ठरवलं ते असं: चूक आत्ता शोधायची नाही. आधी हा मजकूर वाचता येईल असा करायचा. एकेका डब्यात खरोखर काय आहे ते शोधायचं आणि त्याला तसं नाव द्यायचं. शाल्मलीला मे महिन्याची सुट्टी होती. ते खुर्चीत बसून सांगतील, ती लिहील.

शाल्मलीला भीती वाटली. नावं बदलली तर कासवं गोंधळणार नाहीत का? तात्याआजोबांनी तिला ‘श’ला कुठलंही वेडंवाकडं नाव द्यायला सांगितलं. तिने दिलं, भोपळा. जिथे जिथे तो डबा आला होता तिथे तिथे भोपळा झालं. मग त्यांनी एक परीक्षा घेतली. तीस वर्षांत लिहिलेल्या दोनशे बारा आज्ञा केंद्रात जपून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या त्यांनी जुन्या कंपायलरमधून काढल्या, मग भोपळेवाल्या कंपायलरमधून काढल्या, आणि दोन्हीकडून निघालेल्या आकड्यांच्या माळा शेजारी शेजारी ठेवल्या. एकाही आकड्याचा फरक नव्हता.

कारण सोपं होतं. यंत्राची भाषा बनताना डब्यांची नावं गळून पडतात आणि प्रत्येक डब्याला फक्त एक क्रमांक उरतो. यंत्राला भोपळा काय नि श काय, सारखंच.

“मग नावं असतात कुणासाठी?” शाल्मलीने विचारलं.

“जो नंतर वाचेल त्याच्यासाठी,” तात्याआजोबा म्हणाले. “आज तो मीच आहे, आणि माझं मलाच वाचता येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम सुरू झालं. रोज सकाळी पाळणा खाली उतरायचा आणि ऊन तिरपं होईपर्यंत दोघं काचघरात असायची. काम१चं नाव झालं शब्द_सुटे_कर, काम२चं नातं_लाव, काम३चं माळ_ओव. नावात मोकळी जागा सोडायची सोय नव्हती, म्हणून दोन शब्दांमध्ये ती आडवी रेघ. एवढ्यानेच मजकूर निम्मा उलगडल्यासारखा झाला. कुठे काय चाललंय ते आता ओळीतच लिहिलेलं होतं.

‘श’ची गंमत निघाली. पहिल्या टप्प्यात श म्हणजे शब्द होता आणि दुसऱ्या टप्प्यात श म्हणजे शेवट. एकाच अक्षराखाली दोन वेगळे डबे राहत होते. आणि ‘तात्पुरतं’ नावाच्या डब्यात तर सगळ्यात मोलाची गोष्ट होती. कंपायलरला ओळखता येणाऱ्या सगळ्या शब्दांची यादी तिथे ठेवलेली होती. तीस वर्षं ती तात्पुरती होती. शाल्मलीने तिचं नाव ठेवलं माहीत_असलेले_शब्द.

कधी तिचा उत्साह फार व्हायचा. एका डब्याला तिने आज्ञेच्या_ओळीत_आत्तापर्यंत_वाचून_झालेल्या_अक्षरांची_संख्या असं नाव दिलं. तात्याआजोबांनी ते मोठ्याने वाचलं आणि मध्येच श्वास घ्यायला थांबले. त्यांनी काही सुचवलं नाही, पण शाल्मलीने ते कापून वाचलेली_अक्षरं असं केलं. आणखी एकदा तिने घाईत एका डब्याला ओळ असं नाव दिलं. त्या नावाचा डबा तिथे आधीच होता. परीक्षेत एकतीस आज्ञांच्या माळा बदललेल्या निघाल्या, कारण दोन डब्यांतली माहिती आता एकातच पडत होती. ती घाबरली. तात्याआजोबांनी तिला एक पाऊल मागे जायला सांगितलं. नाव पहिल्यासारखं केलं, परीक्षा घेतली, सगळं जुळलं. प्रत्येक बदलानंतर परीक्षा घ्यायची ती यासाठीच, असं ते म्हणाले. चूक झाली तर ती एका पावलापेक्षा जास्त मागे नसते.

आई रोज दुपारी त्यांच्या काचेबाहेरून पोहत जायची. पाठीवर हवेची नळकांडी, हातात जाळीची दोरी. कधी ती थांबून आत पाहायची आणि हात हलवायची. तिच्या हालचाली दिवसेंदिवस मंदावत चालल्या होत्या. शाल्मलीला ते दिसत होतं. ती त्या वेळी वाचणं थांबवायची आणि आई दिसेनाशी झाली की पुन्हा वाचायला लागायची.

सहाव्या दिवशी ती दोघं ‘प’ आणि ‘दु’ या दोन डब्यांपाशी आली.

दुसऱ्या टप्प्यात, नातं_लावमध्ये, ते सोपे होते. आज्ञेत दोन गोष्टींची तुलना असली की आधी आलेली गोष्ट ‘प’मध्ये जायची आणि नंतर आलेली ‘दु’मध्ये. प म्हणजे पहिली, दु म्हणजे दुसरी. शाल्मलीने नावं लिहिली, आधीची_गोष्ट आणि नंतरची_गोष्ट. मग ती तिसऱ्या टप्प्यात गेली. तिथे तेच दोन डबे पुन्हा आले होते, पण त्यांचं काम वेगळं होतं. तिथे ‘प’मधल्या आकड्याला मोजलेलं तापमान मानलं होतं आणि ‘दु’मधल्या आकड्याला मर्यादा. प हा दुपेक्षा मोठा असला की जाळी पसर.

तिने दुसऱ्या टप्प्यातलं नाव तिसऱ्यात घालून पाहिलं. ‘आधीची_गोष्ट ही नंतरची_गोष्टपेक्षा मोठी असेल तर.’ ते वाचायला विचित्र लागत होतं. मग तिसऱ्यातलं नाव, मोजलेलं_माप, दुसऱ्यात घालून पाहिलं. ते तर सरळ खोटं वाटलं, कारण आधी येणारी गोष्ट मोजलेलंच माप असेल असं कशावरून? ती दोन्ही नावं आळीपाळीने लिहीत आणि खोडत राहिली. बाहेर एक मोठा पोपटमासा काचेला तोंड लावून शेवाळ खात होता, त्याचा हलका करकर आवाज आत येत होता.

शेवटी तिने तात्याआजोबांना सांगितलं की हा एकच डबा आहे, पण तो दोन नावं मागतो.

तात्याआजोबांनी तिला शेजारच्या वाफ्याची जुनी आज्ञा आणि आईची आज्ञा एकाखाली एक लिहायला सांगितलं. शाल्मलीने लिहिलं.

‘पाणी ३० अंशांपेक्षा गरम असेल तर जाळी पसर.’

‘३० अंशांपेक्षा पाणी गरम असेल तर जाळी पसर.’

तिने दोन्ही वाक्यं वाचली. अर्थ तोच होता. तिने पुन्हा वाचली, आणि या वेळी कंपायलरसारखी वाचली, डावीकडून एकेक शब्द उचलत. जुन्या वाक्यात आधी पाणी येत होतं. आईच्या वाक्यात आधी ३० येत होते. ३० जाऊन बसत होते ‘प’मध्ये, आणि तिसरा टप्पा त्यांनाच मोजलेलं तापमान समजत होता. पहाटे पाणी अठ्ठावीस अंश असे. तीस अठ्ठावीसपेक्षा मोठे, म्हणून पसर जाळी. दुपारी पाणी एकतीस. तीस एकतीसपेक्षा मोठे नाहीत, म्हणून गुंडाळ.

“आईचं बरोबर होतं,” शाल्मली म्हणाली.

मराठीत शब्द पुढेमागे केले तरी चालतात, तात्याआजोबांनी सांगितलं, कारण कोण कोण आहे ते आपण जागेवरून ठरवत नाही. ‘पेक्षा’ ज्याला चिकटलाय ती मर्यादा, मग ती कुठेही असो. लहान मुलालाही हे कळतं. ते कंपायलरला शिकवायचं राहून गेलं होतं, आणि राहून गेलंय हे दिसत नव्हतं, कारण प हे अक्षर दोन्हीकडे खपून जात होतं. पहिली म्हणावं तरी चालायचं आणि पाणी म्हणावं तरी चालायचं.

शाल्मलीला तेव्हाच ते दुरुस्त करायचं होतं. तात्याआजोबांनी तिला थांबवलं. नावं सुधारताना प्रोग्रामचं वागणं तसूभरही बदलू द्यायचं नाही, आणि वागणं सुधारायचं तेव्हा फक्त तेवढंच सुधारायचं. दोन्ही एकदम केलं, तर माळा बदलल्या की त्या कशामुळे बदलल्या हे कळत नाही. म्हणून त्यांनी हाती घेतलेली नावं आधी पुरी केली, परीक्षा घेतली, आणि सगळं जुळल्यावरच दुरुस्तीला हात घातला. तिसऱ्या टप्प्यात आता मोजलेलं_माप आणि मर्यादा असे दोन वेगळे डबे झाले, आणि कुठली गोष्ट कुठे जाईल ते ‘पेक्षा’ पाहून ठरू लागलं.

मग शेवटची परीक्षा. या वेळी काही माळा बदलायलाच हव्या होत्या, पण फक्त ज्यांत मर्यादा आधी लिहिली होती त्याच. दोनशे बारापैकी तीन बदलल्या. एक आईची. दुसरी गेल्या वर्षी सरावासाठी लिहिलेली, कधीच न वापरलेली. तिसरी सव्वीस वर्षांपूर्वीची होती.

तात्याआजोबांनी ती तिसरी आज्ञा वाचली. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, यमुना शिरोडकर.

शाल्मलीने विचारल्यावर त्यांनी सांगितलं. यमुना त्यांच्याबरोबर काम करायची. बागेचे तापमापक तिने बनवले होते. सव्वीस वर्षांपूर्वी पूर्वेचा वाफा पांढरा पडला आणि परत रंगला नाही. तिथली आज्ञा यमुनाची होती, तापमापकही तिचे. कंपायलर तात्यांचा होता, आणि तो बाकी सगळीकडे चोख चालत होता. तापमापक चुकले असणार, असं त्यांनी सर्वांसमोर म्हटलं. यमुना नाही म्हणत राहिली. त्यांनी ऐकलं नाही. वर्ष संपायच्या आत ती हिमालयातल्या एका प्रयोगशाळेत निघून गेली आणि नंतर दोघं कधी बोलली नाहीत.

एवढं सांगून ते थांबले. पाण्यातलं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवरून सरकत होतं. शाल्मली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. थोड्या वेळाने त्यांनी तिला यमुनाबाईंचा पत्ता शोधून द्यायला सांगितलं. ते कठीण नव्हतं. त्या डेहराडूनला बहिणीपाशी राहत होत्या.

काचेच्या भिंतीवर, अक्षरांच्या शेजारी, एका वृद्ध बाईंचा चेहरा उमटला. तात्याआजोबांनी प्रस्तावना केली नाही. चूक माझी होती, असं म्हणून त्यांनी पूर्वेच्या वाफ्यावर काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. यमुनाबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

“तापमापक मी नऊ वेळा तपासले होते,” त्या म्हणाल्या.

“हो,” तात्याआजोबा म्हणाले. “तू सांगत होतीस.”

बाईंनी माफ केलं असं काही म्हटलं नाही आणि तात्याआजोबांनीही ते मागितलं नाही. मग यमुनाबाईंनी विचारलं की नीळकंठचा कंपायलर, जो त्याच्याखेरीज कुणालाच वाचता येत नसे, तो वाचला कुणी. तात्याआजोबांनी शाल्मलीकडे बोट दाखवलं. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“वाचता येण्यासारखा झाला असेल तर मलाही पाठव,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेच्या वाफ्यावरची कासवं पुन्हा सुरू केली. आई आणि शाल्मली काचघरात उभ्या होत्या. ऊन माथ्यावर आलं, तापमापकावर तीस अंश उलटले, आणि आठ कासवं आठ बाजूंनी सावकाश वर आली. त्यांनी जाळीची टोकं पकडली आणि ती वाफ्यावर पसरली. एखाद्याच्या अंगावर पांघरूण घालावं तितक्या हळुवारपणे सावली खाली उतरली. आईने शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी ती घरी आल्यावर जी झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली.

उष्णतेची लाट सांगितल्याप्रमाणे आली आणि पाच आठवडे राहिली. दक्षिणेच्या वाफ्यातले काही तुकडे पहिल्या उलट्या दिवसांतच पांढरे पडले होते; त्यांतल्या एक तृतीयांश तुकड्यांचा रंग परत आला नाही. बाकीचे तगले. पाणी निवल्यावर आईने मोकळ्या जागांवर नवे तुकडे बसवायला घेतले.

दरम्यान शाल्मलीने उरलेली नावं पुरी केली. साफ केलेला कंपायलर त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या प्रवाळबागांना पाठवला. यमुनाबाईंनी तो वाचून चार पानी पत्र धाडलं. त्यात तीन नावांवर आक्षेप होते आणि शेवटी तात्याआजोबांच्या गुडघ्यांची चौकशी होती. तात्याआजोबांनी दोन आक्षेप मान्य केले आणि तिसऱ्यावरून ते अजून पत्रातून भांडत आहेत.

गणपतीच्या सुट्टीत शाल्मलीला आणखी एक पत्र आलं. रत्नागिरीजवळच्या बागेतून आलं होतं, रेहाना मुकादम नावाच्या मुलीकडून. ती बारा वर्षांची होती आणि तिचे अब्बा तिथली कासवं दुरुस्त करत. तिने कंपायलर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला होता, कुणालाही न विचारता. तीनशेसाठाव्या ओळीवर ती अडली होती. शाल्मलीने एका डब्याला ओळींची_संख्या असं नाव दिलं होतं. रेहानाने लिहिलं होतं, “त्यात संख्या नाहीये. आत्ता कितवी ओळ वाचणं चाललंय तो क्रमांक आहे. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मी बरोबर आहे का?”

शाल्मलीने काचघरात जाऊन ती ओळ काढली. पहिल्यांदा तिचे कान गरम झाले. सुट्टीभर खपून ठेवलेल्या नावांतलं एक नाव खोटं निघालं होतं, आणि तेही कधी न भेटलेल्या मुलीने ते पकडलं होतं. ती ओळ तिने दोनदा वाचली. रेहाना बरोबर होती. मग हळूहळू तिला दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. तीस वर्षांत हा मजकूर वाचून त्यातली चूक बाहेरच्या कुणालाच दाखवता आली नव्हती, कारण त्यात चूक ठरण्याइतकं स्पष्ट कुणी काही लिहिलंच नव्हतं. आता कुणीतरी दूरच्या किनाऱ्यावर बसून तो वाचत होतं, आणि वाचलेलं कळतही होतं.

तिने नाव बदललं, चालू_ओळीचा_क्रमांक. दोनशे बारा आज्ञांची परीक्षा घेतली. एकही आकडा हलला नाही. भिंतीवरच्या अक्षरांमागून चंदेरी मासळीचा एक मोठा थवा गेला आणि सगळी खोली क्षणभर उजळून निघाली.

मग तिने रेहानाला उत्तर लिहायला घेतलं. तू बरोबर आहेस, असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि खाली विचारलं, “तीनशेसाठच्या पुढे वाचलंस का? जिथे अडशील तिथे मला सांग.”